शेतजमिनीतल्या धातूंचा हिशेब कोण ठेवणार?

राजस्थानातल्या सुरतगढ येथे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी जमीन आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी शेतकऱ्यांच्या घरी त्यांच्या मातीचा छापील अहवाल पोहोचला. या अहवालात बारा घटकांची नोंद असते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात जस्त आणि तांबे आहेत खरे, पण पिकाला ते कमी पडतात का, एवढेच पाहण्यासाठी ते मोजले जातात. ते गरजेपेक्षा जास्त साठले आहेत का, हा प्रश्न पत्रिका विचारत नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा आणि आर्सेनिक यांच्यासाठी तर तिच्यात रकानाच नाही. खताची शिफारस करण्यासाठी तयार झालेल्या पत्रिकेत हे बसले नाही, याचे नवल नाही. पण त्या पत्रिकेशिवाय शेतकऱ्याच्या मातीची दुसरी कुठलीही नियमित तपासणी आपल्याकडे होत नाही, आणि म्हणून जे तिच्यात नाही ते कुठेच नाही.

शहरांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतजमिनींत हे धातू किती साठले आहेत आणि दर काही वर्षांनी किती वाढत आहेत, याची नोंद ठेवणे ही शासनाची कायद्याने बांधलेली जबाबदारी असली पाहिजे, असे माझे मत आहे. त्या नोंदीतून जे काही बाहेर येईल त्याचा आर्थिक भार शेतकऱ्यावर पडता कामा नये, हाही त्याच मताचा भाग आहे. या दोन मागण्या मी मुद्दाम एकत्र मांडतो आहे, कारण दुसरी मान्य झाल्याशिवाय पहिली कोणत्याही गावात अमलात येणार नाही.

धातूंचा प्रश्न इतर प्रदूषणापेक्षा वेगळा आहे, तो काळाच्या संदर्भात. बहुतेक कीटकनाशकांचे रेणू सूर्यप्रकाशाने, पाण्याने आणि सूक्ष्मजीवांनी कधी ना कधी मोडतात. मैलापाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजते, त्यातला नत्र पीक खाते. कॅडमियमचा अणू मात्र मोडत नाही. शेतात आलेला धातू तिथून जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पिकाबरोबर तो ग्रॅमाच्या मापाने बाहेर जातो, चिकणमातीच्या जमिनीत निचऱ्याबरोबर जवळजवळ जातच नाही, आणि धूप झाली तर माती घेऊन खालच्या शेतात किंवा धरणाच्या गाळात जाऊन बसतो. येण्याच्या वाटा मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतली एकेक वाट वेगळी पाहिली तर अगदी क्षुल्लक वाटते.

हे क्षुल्लकपण आकड्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम ठरवली आहे. या मर्यादेच्या काठावरचे, म्हणजे कायद्याने पूर्णपणे निर्दोष असलेले खत एखाद्या शेतकऱ्याने हेक्टरी १० टन टाकले, तर त्यातून ५० ग्रॅम कॅडमियम शेतात येते. एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारणपणे २२ लाख किलो धरतात. त्या हिशेबाने मातीच्या प्रत्येक किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमची भर पडली. ती कोणत्याही प्रयोगशाळेच्या चुकीच्या मर्यादेत हरवून जाईल. तेच खत तितकेच वीस वर्षे टाकत राहिले तर ही भर ०.४५ मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि प्रदूषण न झालेल्या बहुतेक जमिनींत मुळात असलेले कॅडमियमच किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असते. म्हणजे एकाही वर्षी नियम न मोडता एका पिढीच्या आत जमिनीतले कॅडमियम दुप्पट झाले. आपले सगळे नियम खताच्या पोत्यावर, पाण्याच्या लिटरवर आणि धुराच्या घनमीटरवर लिहिलेले आहेत. ज्या मातीत हे सगळे शेवटी एकत्र येते, तिथे बेरीज करायला कोणी बसलेले नाही.

ही बेरीज दीर्घकाळ करून ठेवलेली उदाहरणे जगात फार थोडी आहेत. त्यांतले सर्वांत मोलाचे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन संस्थेच्या ब्रॉडबाल्क शेताचे आहे. तिथे १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग अखंड चालू आहेत आणि वेळोवेळी घेतलेले मातीचे व पिकाचे नमुने वाळवून बरण्यांत जपून ठेवलेले आहेत. आज त्या संग्रहात ३ लाखांहून अधिक नमुने आहेत. ज्या काळी कॅडमियम मोजण्याचे साधनच नव्हते त्या काळातली माती अशी हाताशी राहिल्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांना ती उघडून मोजता आली. ज्या वाफ्याला कधीच रासायनिक खत दिले नव्हते, त्याच्याही मातीत कॅडमियम वाढत गेल्याचे त्यांना दिसले. ते हवेतून, कोळशाच्या आणि कारखान्यांच्या धुरातून खाली बसत आले होते. जुनी बरणी नसती तर त्या वाफ्याची आजची पातळी हीच त्याची नैसर्गिक पातळी, असे सर्वांनी धरून चालले असते.

त्याच संस्थेच्या वोबर्न येथील हलक्या, वाळुसर जमिनीवरचा प्रयोग आपल्या अधिक कामाचा आहे. तिथे १९४२ ते १९६१ या काळात भाजीपाल्याच्या वाफ्यांना लंडनच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून दिला गेला आणि नंतर तो बंद झाला. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पाहिले तर धातूंचा बराच मोठा भाग नांगरटीच्या थरातच होता. त्यातही महत्त्वाची गोष्ट तिथे लावलेल्या क्लोव्हर या द्विदल चारापिकावर दिसली. त्याच्या मुळांवर गाठी तयार करून हवेतला नत्र धरणारे रायझोबियम जिवाणू त्या मातीत नीट काम करीनात. जो जिवाणू तग धरून उरला होता तो गाठी करी, पण नत्र बांधीत नसे. पीक पिवळे पडून खुरटत होते. गाळ टाकणाऱ्यांनी तो टाकणे थांबवून एक पिढी उलटली होती आणि परिणाम त्यानंतर हाती आला. तूर, हरभरा, भुईमूग आणि सोयाबीन यांच्यावर ज्या राज्याची कोरडवाहू शेती उभी आहे, त्या राज्याने हा प्रयोग परदेशातला म्हणून बाजूला ठेवू नये.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना एक दिलासा नेहमी पुढे येतो, आणि त्यात तथ्य आहे म्हणून तो काळजीपूर्वक तपासायला हवा. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो. अशा जमिनीत शिसे, कॅडमियम, निकेल हे धातू घट्ट धरले जातात आणि पिकाच्या मुळांना कमी मिळतात. म्हणून एकूण धातू वाढला तरी धान्यात तो तितका दिसत नाही. पण घट्ट धरलेला धातू गेलेला नसतो. अमोनियम खतांच्या सततच्या वापराने मुळांभोवतालचा सामू उतरला, मातीत जस्ताची कमतरता असली, किंवा ओलिताच्या पाण्यातून क्लोराइड वाढत गेले, तर तेच कॅडमियम पिकासाठी पुन्हा मोकळे होऊ शकते. पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात पाण्याचा अतिवापर आणि क्षारपड जमीन यांची ओळख कोणाला करून द्यायला नको. कोकणात आणि गोव्यात तर हा दिलासाही नाही, कारण तिथली जांभ्या खडकाची माती आम्लधर्मी असते आणि धातूंना तितकी धरून ठेवत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दख्खनचा काळा पाषाण मुळातच तांबे, निकेल, क्रोमियम यांनी समृद्ध आहे आणि त्याच्यापासून बनलेल्या मातीत हे धातू निसर्गतःच युरोपातल्या पुष्कळ जमिनींपेक्षा जास्त सापडतात. त्यामुळे एखाद्या शेतातला एकच नमुना घ्यायचा, त्यातल्या तांब्याचा किंवा क्रोमियमचा आकडा परदेशी मर्यादेशी ताडून पाहायचा आणि जमीन विषारी झाल्याची बातमी द्यायची, हा प्रकार शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे. काळ्या जमिनीसाठी, जांभ्या जमिनीसाठी आणि नदीकाठच्या पोयट्यासाठी वेगवेगळी आधारपातळी ठरवावी लागेल. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. हे काम करण्याची विद्या आपल्या दाराशी आहे. मात्र आधारपातळी ठरवून झाली तरी एका वेळचा आकडा अपुराच राहतो. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घेतलेले नमुनेच निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, हे वेगळे करून दाखवू शकतात.

नोंद कुठे आधी सुरू करावी, यावर फार खल करण्याचे कारण नाही. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेले पुणे आपले वापरलेले पाणी खालच्या शेतीला देते. मुंढव्याहून उचललेले पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली, दौंडच्या शेतांना मिळते. नदीवाटे गेलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत उतरते. शहराने पाणी परत द्यावे, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण परत दिलेल्या पाण्यात काय आहे याची कसोटी आपण कशी लावतो? सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये अधिसूचित झालेली मानके सामू, बीओडी (पाण्यातले सडणारे द्रव्य दाखवणारे माप), तरंगणारे घन पदार्थ आणि विष्ठेतले जिवाणू यांच्याबद्दल बोलतात. धातू त्यांत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांपैकी ५५ म्हणजे सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. पण ही यादीसुद्धा बीओडीवरच बेतलेली आहे. पाण्यात सडणारे द्रव्य किती, हे तिच्यातून कळते, न सडणारे किती आहे ते कळत नाही. उद्या सगळ्या नद्यांची बीओडी उतरली आणि यादी रिकामी झाली, तरी खालच्या शेतांतली धातूंची भर थांबली असे त्यावरून म्हणता येणार नाही.

इथे एक तांत्रिक बारकावा आहे, जो धोरण ठरवणाऱ्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. घरगुती मैलापाणी आणि धातूला मुलामा देणाऱ्या, बॅटरी, रंग किंवा कातडी बनवणाऱ्या छोट्यामोठ्या कारखान्यांचे पाणी एकाच गटारात मिसळले, की प्रक्रिया केंद्र त्यातल्या धातूंचा नाश करू शकत नाही. ते फक्त त्यांची जागा बदलते. पाण्यातला बराचसा धातू गाळाला चिकटतो. म्हणजे केंद्र जितके चांगले चालेल तितके बाहेर पडणारे पाणी स्वच्छ आणि गाळ अधिक धातुमय होतो. मग तोच गाळ वाळवून, सोनखताच्या जुन्या परंपरेच्या आधाराने, खत म्हणून शेतावर जातो. आपल्या देशातल्या शहरांत दररोज तयार होणारे सांडपाणी मंडळाने २०२०-२१ साठी ७२,३६८ दशलक्ष लिटर इतके धरले होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. ही प्रक्रिया वाढावी म्हणून आज मोठा पैसा खर्च होतो आहे, आणि तो झालाच पाहिजे. पण कारखान्याचे पाणी गटारात मिसळण्याआधी वेगळे केले नाही, तर या खर्चातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक केंद्राबरोबर धातुमय गाळाचा एक नवा ढीगही उभा राहील.

धातू नेहमी कारखान्यातूनच येतो असेही नाही, आणि हे लपवून शेतकऱ्याची बाजू बळकट होत नाही. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचे उदाहरण घ्या. नाशिक, तासगाव, पलूसच्या बागायतदाराला हे मिश्रण लहानपणापासून ठाऊक असते: एका भांड्यात मोरचूद, दुसऱ्या भांड्यात चुन्याची निवळी, दोन्ही एकत्र करायचे आणि त्यात लोखंडी सळई किंवा विळ्याचे पाते क्षणभर बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना वाढवायला हवा. पाते स्वच्छ राहिले तर फवारणीला हरकत नाही. भुरी-केवड्याच्या धाकात असलेल्या माणसाने विकसित केलेली ही साधी, नेमकी कसोटी पानाला जपते. मातीसाठी अशी कसोटी नाही. एक टक्का मिश्रण एकरी ४०० लिटर फवारले तर त्यात ४ किलो मोरचूद जाते आणि मोरचुदात तांबे पाव हिस्सा असते, म्हणजे एका फवारणीला एकरी एक किलो तांबे. त्यातले काही छाटणीच्या काड्यांबरोबर बाहेर जात असेल, पण पानगळीने, पावसाने आणि धुऊन आलेल्या थेंबांनी बहुतेक सगळे शेवटी वेलीखालच्या मातीत येते. युरोपीय संघाने तांबेयुक्त औषधांवर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. वर्षाच्या सरासरीने ती एकरी सुमारे १.६ किलो होते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वर्षात अशा दोन फवारण्या झाल्या तरी ही मर्यादा ओलांडली जाते. फ्रान्सच्या ज्या बोर्डो प्रांतात १८८५ च्या सुमारास हे मिश्रण शास्त्रीय रीतीने पुढे आले, तिथल्या जुन्या बागांच्या मातीत आज साठलेले तांबे ही त्यांची स्वतःची डोकेदुखी आहे. कोकणात आणि गोव्यात कोळेरोगापासून सुपारी वाचवण्यासाठी भर पावसाळ्यात हेच मिश्रण फवारले जाते, आणि तिथली माती आम्लधर्मी आहे.

बाग उभी आहे तोवर हे तांबे फारसे त्रास देत नाही, कारण द्राक्षाची मुळे खोल जातात. बाग काढून त्याच जागी सोयाबीन किंवा भाजीपाला घेतला की वरच्या थरातले तांबे कोवळ्या मुळांना आणि गांडुळांना भेटते. गेल्या काही वर्षांत तोट्यात गेलेल्या अनेक बागांवर कुऱ्हाड चालली. अशा शेतकऱ्याला पुढचे पीक निवडण्याआधी आपल्या मातीत तांबे किती आहे, हे कळण्याचा हक्क आहे. त्याच्या हातातली पत्रिका त्याला तांबे ‘पुरेसे’ आहे एवढे सांगून थांबते.

स्फुरदयुक्त खतांबद्दल थोडक्यात एवढेच. गाळाच्या खडकांतून मिळणाऱ्या रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असते, अग्निजन्य खडकांतल्यात फारच कमी असते, आणि आपण हा कच्चा माल मोठ्या प्रमाणात आयात करतो. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली. आपल्या खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटसाठी शिसे आणि कॅडमियमची मर्यादा आहे, शहरी कंपोस्टसाठी आहे, पण शेतकरी मोठ्या प्रमाणावर विकत घेतो त्या डीएपी या स्फुरदयुक्त खताला तशी मर्यादा घालायला हवी. ती नसेल तर युरोपच्या बाजारात न चालणारा माल ज्या देशांत विचारणा होत नाही तिथे वळतो.

दुर्लक्षाची किंमत किती आणि ती कोण देतो, हे जपानच्या तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीच्या खोऱ्याने दाखवून दिले आहे. नदीच्या वरच्या अंगाला, गिफू प्रांतात, कामिओका येथे जस्त आणि शिशाची मोठी खाण होती. तिच्या पाण्यातून आणि टाकाऊ मातीतून कॅडमियम नदीत उतरत गेले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले, खाचरांतून भातात आणि भातातून माणसांत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गावांत दवाखाना चालवणारे डॉक्टर नोबोरू हागिनो यांच्याकडे मुख्यतः मध्यमवयीन आणि वृद्ध, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया येत. त्यांची हाडे इतकी ठिसूळ झालेली असत, की साध्या हालचालीने मोडत. इताई-इताई या नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराचा संबंध कॅडमियमशी असल्याचे हागिनो आणि त्यांचे सहकारी १९६१ मध्ये जाहीरपणे सांगू लागले. शासनाने ते मान्य केले ते मे १९६८ मध्ये. त्याच वर्षी रुग्णांनी खाण कंपनीवर दावा लावला. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयात आणि १९७२ मध्ये अपिलात ते जिंकले.

पुढे काय घडले ते आपण विशेष लक्ष देऊन पाहावे. अपिलाच्या निकालानंतर कंपनीकडून रहिवाशांनी भरपाईबरोबर आणखी दोन गोष्टी लिहून घेतल्या: बाधित जमिनीच्या दुरुस्तीचा खर्च, आणि तज्ज्ञांना सोबत घेऊन कंपनीच्या खर्चाने खाणीत कधीही शिरून तपासणी करण्याचा अधिकार. ही तपासणी शेतकऱ्यांनी दरवर्षी, दशकानुदशके चालू ठेवली. शेतजमिनीच्या दुरुस्तीचे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये संपले. तेहेतीस वर्षांत सुमारे ८६३ हेक्टर भातजमीन पुन्हा लागवडीखाली आली. दूषित थर खाली गाडून त्यावर कठीण थर आणि मग बाहेरून आणलेली स्वच्छ माती पसरण्यासाठी सुमारे ४,०७० कोटी येन खर्च झाले, आणि तो भार कंपनीबरोबर सार्वजनिक तिजोरीवरही पडला. मराठवाड्यातल्या एखाद्या मध्यम गावाच्या शिवाराएवढी ही जमीन. जपानसारख्या श्रीमंत आणि शिस्तबद्ध देशाला तिच्यासाठी एका माणसाचे उभे कर्तृत्ववय लागले. म्हणून आधी विकास होऊ द्या, माती मागाहून स्वच्छ करू, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. मोहरी किंवा सूर्यफूल लावून धातू शोषून घेण्याचे उपायही याच आशेवर सांगितले जातात. प्रयोग म्हणून ते करावेत, पण त्यांना दशके लागतात आणि धातूने भरलेले ते पीक शेवटी टाकायचे कुठे, याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

आपल्या देशात न्यायालयाची वाट अधिक लांब निघाली. तमिळनाडूतल्या वेल्लोर परिसरातल्या चर्मोद्योगाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी दिलेल्या निकालात, तिथली सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राच्या पाहणीची नोंद आहे. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्के करणाऱ्या निकालांत त्याची गणना होते. पण जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, त्याच परिसरातल्या भरपाईसाठी आणि दुरुस्तीसाठी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. तत्त्व कितीही चांगले असले, तरी कोणत्या वर्षी कोणत्या शेतात किती धातू होता याची नोंद नसेल, तर प्रत्येक शेतकऱ्याला आपले नुकसान शून्यापासून सिद्ध करावे लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र त्यांची रचना हद्द आखता येणाऱ्या, जिथे घातक कचरा टाकला गेला अशा स्थळाभोवती आहे. कालव्याने तालुकाभर पसरलेल्या, थोड्या थोड्या करून चाळीस वर्षांत आलेल्या धातूला असे स्थळ कुठून दाखवायचे?

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो उद्योगांचा नाही, शेतकऱ्यांचा आहे, आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. तुम्ही माती तपासाल, आकडा वर्तमानपत्रात येईल, आमच्या पालकाला आणि मेथीला दुसऱ्या दिवसापासून मार्केट यार्डात गिऱ्हाईक राहणार नाही, आणि ज्यांनी पाणी पाठवले त्यांच्या दारावर कोणी जाणार नाही, असे ते म्हणतात. चीनमध्ये नेमके हे घडले. २०१३ मध्ये ग्वांगझू शहरात तपासलेल्या तांदळाच्या काही नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त कॅडमियम निघाले आणि हुनान प्रांतातल्या तांदळावरून लोकांचा विश्वास उडाला. राष्ट्रीय मृदा पाहणीचे निष्कर्ष तोवर शासकीय गुपित म्हणून दडवले गेले होते. एप्रिल २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा शेतजमिनीतल्या १९.४ टक्के नमुनास्थळी मानकापेक्षा जास्त प्रदूषण असल्याचे दिसले आणि त्यात कॅडमियम अग्रस्थानी होते. लपवल्याने धातू कमी झाला नव्हता. नुकसान सोसायला शेतकरी एकटा उरला होता. चीनने २०१८ मध्ये मृदाप्रदूषणाचा स्वतंत्र कायदा केला, तो या धक्क्यानंतर.

खर्चाचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. जस्त, लोह, तांबे आणि मंगल मोजण्यासाठी आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळा डीटीपीए नावाच्या द्रावणाने मातीचा अर्क काढतात आणि तो अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचतात. त्याच अर्कात पिकाला उपलब्ध होणारे कॅडमियम, शिसे आणि निकेलही उतरलेले असतात. ज्या प्रयोगशाळेत हे यंत्र आहे, तिथे त्या त्या धातूचा दिवा बसवला आणि प्रमाणित द्रावणे ठेवली, की तेच यंत्र हेही वाचू शकते. एकूण धातू मोजण्यासाठी आम्लात माती विरघळवावी लागते, त्याला वेळ आणि पैसा अधिक लागतो. ते सर्व नमुन्यांसाठी करण्याची गरज नाही. ही तपासणी राज्यभर, सरसकटही नको. मुळा-मुठा, नाग, उल्हास, गोदावरी आणि पंचगंगा यांच्या काठची शहरांखालची गावे, जुन्या औद्योगिक वसाहतींच्या निचऱ्यावरची गावे आणि वीस वर्षांहून जुन्या द्राक्षबागांचे पट्टे यांपासून आरंभ करावा. दर पाच वर्षांनी त्याच गट क्रमांकात, त्याच खोलीवर नमुना घ्यावा. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांत दीर्घकालीन खतप्रयोग अनेक वर्षे चालू आहेत आणि सलग नोंद ठेवण्याची शिस्त तिथे आहे. नमुन्याचा एक भाग वाळवून कायमचा जतन करण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. आज जे मोजता येत नाही किंवा ज्याची आज शंका येत नाही, ते मोजायला त्या बरण्या लागतील.

क्रम मात्र उलटा होता कामा नये. नमुने गोळा करण्याआधी शासन निर्णय निघाला पाहिजे, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असल्या पाहिजेत: धातू जास्त निघालेल्या जमिनीचा मालक दोषी मानला जाणार नाही, पालेभाज्यांऐवजी कापूस, फुले, बीजोत्पादन अशा, माणसाच्या पोटात थेट न जाणाऱ्या पिकांकडे वळावे लागले तर उत्पन्नातला फरक ठरावीक वर्षे त्याला मिळेल, हा पैसा पाणी सोडणारी महानगरपालिका आणि औद्योगिक वसाहत यांच्याकडून वसूल होईल, आणि त्या गावच्या ग्रामसभेने नेमलेल्या माणसांना, तज्ज्ञासह, प्रक्रिया केंद्राच्या आणि कारखान्याच्या निचऱ्याचा नमुना कधीही घेता येईल. शेवटची अट जिन्झूच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात जिंकल्यावर मिळवली होती. हवेलीच्या किंवा तासगावच्या शेतकऱ्याला ती आजारपणाच्या आधी, दाव्याच्या आधी मिळावी. तो शासन निर्णय हाती असेल, तर आपल्या शेतातली माती पिशवीत भरून द्यायला शेतकरी स्वतः पुढे येईल. तो नसेल, तर नमुना घ्यायला आलेल्या कर्मचाऱ्याला बांधावरूनच परत पाठवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.